आधी नळजोड, मग रस्ता: मालवणच्या गल्ल्यांचे एक नियोजन प्रकरण

मालवणात भरड नाक्यावरून बंदराच्या दिशेने चालत निघाले की बाजारपेठेत शिरताना रस्ता आवळत जातो. दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्या थेट गटाराच्या लादीपर्यंत आलेल्या असतात, आणि समोरून टेम्पो आला तर पायी चालणाऱ्याला त्या पायरीवरच चढून उभे राहावे लागते. याच काही मीटर रुंदीच्या पट्ट्याखाली पाण्याची वाहिनी, घरोघरचे नळजोड, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा आणि उद्या कधीतरी येणारे भुयारी गटार या सगळ्यांना जागा द्यायची आहे, आणि वरून रस्ताही सुधारायचा आहे. किनाऱ्यावरच्या लहान शहरात रस्ते आणि पाणीवाहिन्या यांचे नियोजन एकत्र कसे करावे, याचा अभ्यास करण्यासाठी म्हणूनच मी मालवण निवडले. पुढे मांडलेला आराखडा हा माझा अभ्यास आहे; तो कोणत्याही मंजूर प्रकल्पाचा वृत्तान्त नाही. शहराची जमीन, पाण्याचा स्रोत, लोकसंख्या आणि वर्षाचे वेळापत्रक मात्र मालवणचेच आहे.

गाव आणि जमीन

२०११ च्या जनगणनेत मालवण नगरपरिषदेच्या हद्दीत १८,६४८ लोक होते आणि त्याआधीच्या दहा वर्षांत हा आकडा जवळपास हललेला नव्हता. मुंबईला गेलेली माणसे आणि येथे राहिलेली माणसे यांचा कोकणातला जुना हिशेब त्यात दिसतो. नियोजनकाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की या शहरात पाण्याची मागणी वाढते ती रहिवाशांमुळे कमी आणि पाहुण्यांमुळे अधिक. सिंधुदुर्ग किल्ला, चिवला किनारा आणि तारकर्लीकडे जाणारी वाट यांमुळे ऑक्टोबर ते मे या काळात गावातल्या खोल्या भरतात. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमान्यांची बंद घरे उघडतात. वर्षातले बरेच दिवस ज्या नळाला कोणी हात लावत नाही, त्याच नळावर त्या पंधरवड्यात दहा माणसे अवलंबून असतात.

जमीन दोन प्रकारची आहे. दांडी, मेढा, धुरीवाडा हा किनाऱ्यालगतचा पट्टा वाळूचा आणि सखल आहे, तर आतल्या बाजूला जांभ्याचा उंचवटा लागतो. नाक्याला ‘भरड’ हे नाव आहे, आणि आपल्याकडे भरड म्हणजे वरकस, खडकाळ, पाणी न धरणारी जमीन, हे येथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या लोकांनी नावातच भूगर्भ नोंदवून ठेवला आहे. पाणीवाहिनी टाकणाऱ्यासाठी ही दोन्ही टोके अवघड आहेत. जांभ्यात चर खणायला ब्रेकर लावावा लागतो, चराचा तळ ओबडधोबड राहतो आणि त्यावर वाहिनी तशीच ठेवली तर एखाद्या टोकदार दगडावर तिचा सगळा भार येऊन ती वर्षा-दोन वर्षांत तेथेच चिरते. म्हणून तळाला किमान १० सेंटिमीटर वाळूची किंवा बारीक मुरुमाची गादी अत्यावश्यक ठरते. वाळूत खणणे सोपे, पण चराच्या कडा उभ्या राहत नाहीत आणि थोडे खोल गेले की पाणी लागते.

असा एक चर मी दक्षिण कोकणातल्या दुसऱ्या एका किनारी गावात जवळून पाहिला आहे. डिसेंबरचा महिना होता, तरी मीटरभर खोलीवर पाणी झिरपू लागले आणि दोन्ही कडांची वाळू हळूहळू आत सरकू लागली. चराच्या भिंतीतून बाहेर डोकावणारा घरगुती जोडाचा जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप कामगाराने पहारीच्या टोकाने नुसता टेकवला, तर त्याचा पापुद्रा गंजलेल्या पत्र्यासारखा सुटून आला आणि आतून पाण्याची बारीक धार लागली. तो जोड फार जुना नव्हता, असे घरमालकीणबाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि त्यात अविश्वास ठेवण्यासारखे काही नव्हते. खाऱ्या, ओल्या वाळूत जस्ताचा मुलामा फार काळ टिकत नाही. त्यामुळे या आराखड्यात किनारपट्टीसाठी जी.आय. पाइप पूर्णपणे वगळला आहे. वाळूच्या पट्ट्यात मुख्य वाहिनी एचडीपीईची, घरगुती जोड एमडीपीईचा; दोन्ही न गंजणारे प्लास्टिक. जांभ्यावर आणि जड वाहतुकीच्या रस्त्याखाली डी.आय. (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाचा) पाइप, तोही पॉलिथिनच्या वेष्टणासह, अशी विभागणी केली आहे.

वाळूच्या पट्ट्यातली आणखी एक अडचण कागदावर दिसत नाही. रिकामा प्लास्टिकचा पाइप पाण्याने भरलेल्या चरात तरंगतो. २०० मिलिमीटर बाहेरील व्यासाचा पाइप मीटरमागे सुमारे ३१ लिटर पाणी बाजूला सारतो, आणि त्याचे स्वतःचे वजन त्याहून पुष्कळ कमी असते. सकाळी व्यवस्थित पातळीत ठेवलेली वाहिनी दुपारी जेवणाहून परत येईपर्यंत वर आलेली असते, आणि घाईत तिच्यावर तशीच माती लोटली की पुढची तीस वर्षे त्या उंचवट्यात हवा अडकत राहते. म्हणून एका दिवसात जेवढा चर बुजवता येईल तेवढाच उघडावा, अशी अट निविदेतच घालावी लागते.

पाण्याचा हिशेब

मालवणला पाणी धामापूरच्या तलावातून येते. शहरापासून सुमारे १६ किलोमीटरवर, भगवती देवीच्या देवळाला लागून असलेला हा तलाव १५३० मध्ये बांधला गेला, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याची जागतिक वारसा सिंचन रचनांमध्ये नोंद केली. पाचशे वर्षांपूर्वी शेतीसाठी अडवलेल्या पाण्यातून शहराची तहान भागते, याची जाणीव ठेवूनच पुढचे सगळे आकडे मांडायला हवेत. कारण मागणी वाढली की तलावातून अधिक उचलायचे, हा मार्ग येथे सहज उपलब्ध मानता येणार नाही. तलावाखालची शेते आणि बागा या पाण्याच्या आधीच्या हक्कदार आहेत.

केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या पाणीपुरवठ्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत भुयारी गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहरासाठी दरडोई रोज १३५ लिटर, आणि तसे गटार नसलेल्या गावासाठी ७० लिटर पाणी धरले होते; या अभ्यासातले निकष त्याच पुस्तिकेतले आहेत. रहिवासी २०,००० धरले तर पहिल्या हिशेबाने रोजची गरज २७ लाख लिटर होते आणि दुसऱ्या हिशेबाने १४ लाख. निवासी हॉटेलातल्या प्रत्येक खाटेमागे तिच्यात १८० लिटर धरले होते. गर्दीच्या दिवशी ५,००० पाहुणे मुक्कामी आहेत असे गृहीत धरले तर आणखी ९ लाख लिटर लागतात. २७ आणि ९ मिळून ३६ लाख. त्यावर वाटेतली १५ टक्के गळती धरली, तर तलावाकडून सुमारे ४२ लाख लिटर निघावे लागतील. गळती १५ टक्क्यांऐवजी ४० टक्के असेल तर त्याच ३६ लाखांसाठी ६० लाख लिटर उचलावे लागतात. मधले १८ लाख लिटर म्हणजे ७० लिटरच्या हिशेबाने सगळ्या शहराची एका दिवसाची गरज भागवून वर उरेल एवढे पाणी. नवा स्रोत शोधण्याआधी जुन्या जोडांकडे पाहायचे, या माझ्या आग्रहाचे कारण हे आहे.

दुसरा हिशेब वेळेचा आहे. आपल्याकडील बहुतेक लहान शहरांत पाणी दिवसातून थोडा वेळ, भागाभागाने सोडले जाते. एखाद्या भागाचे दिवसभराचे पाणी दोन तासांत द्यायचे म्हटले की त्या भागातल्या वाहिनीतून सरासरीच्या बारा पट प्रवाह न्यावा लागतो. तेच पाणी चोवीस तास उपलब्ध असेल तर ५० हजारांखालील गावासाठी सरासरीच्या तिप्पट प्रवाह गृहीत धरणे पुरेसे मानले जाते. म्हणजे पाणी थोडा वेळच सोडायचे या पद्धतीमुळे वाहिन्या चौपट क्षमतेच्या लागतात, आणि त्या तशा नसल्यामुळे शेवटच्या घराला धार येत नाही. मग शेवटचे घर नळाला थेट मोटर लावते, त्याचे पाहून मधले घर लावते, आणि वाहिनीतला उरलासुरला दाबही जातो. यात कोणाही एका कुटुंबाला दोष देणे मला पटत नाही; ज्याच्या घरी म्हातारी माणसे आहेत आणि कळशीभर पाणी येत नाही, त्याने दुसरे काय करावे?

सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देता येते हे दीड दशकापूर्वीच दाखवून दिले आहे, तेव्हा लहान नगरपरिषदेला हे जमणार नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. मालवणसाठी मी लगेच चोवीस तासांचा आग्रह धरत नाही, पण वाहिन्या, जोड आणि मीटर तशाच तयारीचे असावेत, म्हणजे पुढे केवळ वेळ वाढवण्यासाठी रस्ता पुन्हा फोडावा लागणार नाही, ही अट धरली आहे.

व्यासाबद्दल एकच गोष्ट सांगतो. ५० हजारांखालील गावात वितरण वाहिनी किमान १०० मिलिमीटरची असावी असा त्या पुस्तिकेतला नियम, आणि अंदाजपत्रक करणारा अभियंता खर्च वाचवण्यासाठी बहुतेक गल्ल्यांत तेवढाच व्यास धरतो. परंतु तेवढ्याच दाबात १५० मिलिमीटरची वाहिनी १०० मिलिमीटरच्या जवळजवळ तिप्पट पाणी नेते, आणि चर खणणे, गादी घालणे, बुजवणे व रस्ता पूर्ववत करणे यांचा खर्च दोन्हींसाठी जवळपास सारखाच असतो. ज्या रस्त्यावर खानावळी आणि निवासस्थाने उभी राहत आहेत, तेथे १५० मिलिमीटरखाली जाऊ नये.

शहराचे दोन दाब विभागही करावे लागतील. दुमजली घरासाठी वाहिनीत किमान १२ मीटर (म्हणजे पाणी तेवढे उंच चढेल एवढा) आणि तीन मजल्यांसाठी १७ मीटर दाब राहावा अशी त्या पुस्तिकेतली अपेक्षा होती. पण एकाच टाकीतून भरडावर तेवढा दाब द्यायचा तर खाली वाळूच्या पट्ट्यात तो गरजेहून कितीतरी अधिक होतो आणि तेथल्या दुबळ्या जोडांतून रात्रभर पाणी झिरपत राहते. वाळूत झिरपलेले पाणी वर येऊन दिसतही नाही. तेव्हा दोन विभाग वेगळे करून प्रत्येकाच्या तोंडाशी मोठा मीटर बसवावा, आणि रात्री दोन ते चार या वेळात त्यातून किती पाणी जाते हे लिहून ठेवावे. गावातल्या पाणीखात्याला गळती मोजण्यासाठी याहून महागड्या साधनाची सुरुवातीला गरज नाही.

रस्ता कशाने तुटतो

येथून या प्रकरणाचा गाभा सुरू होतो. पाण्यासाठी रस्ता खोदला असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याच्या कडेने जाणारा लांबच लांब चर येतो. तो चर एकदाच होतो, सरळ असतो, आणि नीट बुजवला तर वर्षभरात विसरला जातो. रस्त्याचे आयुष्य संपवतात ते आडवे छेद: वाहिनीपासून समोरच्या बाजूच्या घराकडे गेलेला प्रत्येक नळजोड.

एक ३०० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद गल्ली धरा. दोन्ही बाजूंना मिळून ६० घरे, वाहिनी एका कडेने. मुख्य चर ०.६ मीटर रुंद धरला तर १८० चौरस मीटर रस्ता फुटतो. पलीकडच्या ३० घरांसाठी ३० आडवे छेद, प्रत्येकी सुमारे ५ मीटर लांब आणि ०.४ मीटर रुंद, म्हणजे अवघे ६० चौरस मीटर. क्षेत्रफळ एक तृतीयांश, पण दर दहा मीटरला एक पट्टी, आणि गल्लीतून जाणारे प्रत्येक चाक त्या तीसही पट्ट्यांवर आपटत जाते. त्यांतले दहा जोड आज घेतले जातात, पाच पुढच्या वर्षी, बाकीचे नवे घर उभे राहील तसे. अशा रस्त्यावर कितीही चांगले डांबर टाकले तरी पहिल्या पावसाळ्यात पाणी त्या पट्ट्यांच्या सांध्यांतून आत जाते, खालची खडी हलते आणि खड्डा तेथूनच सुरू होतो. मालवणात पाऊस जूनपासून तीन-चार महिने कोसळतो; सांधा उघडा राहण्याची चैन येथे परवडत नाही.

त्याच आडव्या जोडाचा आरोग्याशीही संबंध आहे. वाहिनीतून घराकडे निघालेला बारीक पाइप अनेकदा उघड्या गटाराच्या आतून, कधी गटाराच्या तळालगत, नेलेला असतो, कारण गटाराची भिंत फोडून खालून जाणे प्लंबरला जड जाते. पाणी चालू असते तोवर आतला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. पाणी बंद झाले, वाहिनी रिकामी होऊ लागली, की पोकळी निर्माण होते आणि गंजलेल्या जागेतून गटारातले पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले पाणी गढूळ आले की घरातली बाई ते बादलीत धरून मोरीत ओतते. तिला हे शास्त्र कोणी सांगितलेले नसते, पण अनुभवाने ती बरोबर वागत असते.

म्हणून आराखड्याचे एकक मी वाहिनी किंवा रस्ता धरलेले नाही. एक गल्ली, तिच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक दारासह, हे एकक धरले आहे. पहिले काम दारोदारच्या नोंदीचे: आजचा जोड कोठून निघतो, कोठून गटार ओलांडतो, कोणत्या धातूचा आहे, विहीर आहे का, घर वर्षभर उघडे असते की सणापुरते, शेजारी मोकळा भूखंड आहे का. ही माहिती नगरपरिषदेच्या कपाटात क्वचितच सापडते. ती असते पाणी सोडणाऱ्या माणसाजवळ. वर सांगितलेल्या त्याच गावात निवृत्तीला आलेल्या एका व्हॉल्व्हमनबरोबर मी फिरत होतो. एका वळणावर मी त्यांना विचारले, “काकानू, ह्या गल्लीची चावी खंय?” त्यांनी चपलेचे टोक डांबरावर आपटले आणि म्हणाले, “हंयच आसा. पण दोन डांबरां चढली तिच्यार.” ती चावी, म्हणजे गल्लीचे पाणी तोडायचा व्हॉल्व्ह, बंद करता येत नसल्यामुळे त्या गल्लीत एक जोड दुरुस्त करायचा तर अर्ध्या गावाचे पाणी तोडावे लागे. ती जागा आम्ही तेव्हाच नकाशावर उतरवली. अशा माणसाच्या शेवटच्या वर्षात त्याच्या डोक्यातला नकाशा कागदावर आणणे, याला मी कोणत्याही सल्लागाराच्या सर्वेक्षणाइतकेच महत्त्व देईन, आणि त्याचे मानधन अंदाजपत्रकात वेगळे दाखवीन.

सहा मीटरमध्ये काय काय बसते

भारतीय रस्ते परिषदेच्या शहरी रस्त्यांखालील सेवावाहिन्यांविषयीच्या आयआरसी ९८ या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहिनीला तिची जागा दिलेली आहे, आणि पाण्याची वाहिनी सांडपाण्याच्या वाहिनीपासून आडव्या अंतराने शक्यतो ३ मीटर दूर ठेवावी हा नियम सर्वज्ञात आहे. चार किंवा सहा मीटरच्या गल्लीत तो अक्षरशः पाळता येत नाही. तेथे उंचीच्या फरकाने काम भागवावे लागते: पाण्याची वाहिनी वर, सांडपाण्याची खाली, दोहोंत किमान अर्धा मीटर, आणि दोन्ही शक्य तितक्या विरुद्ध कडांना.

मालवणच्या गल्ल्यांसाठी मी दोन मांडण्या सुचवल्या आहेत. रस्ता आठ मीटर किंवा अधिक रुंद असेल तेथे दोन्ही कडांनी एकेक वितरण वाहिनी टाकावी. वाहिनीची लांबी दुप्पट होते हे खरे, पण आडवा छेद एकही राहत नाही. वरच्या उदाहरणात ३० जोडांचे मिळून १५० मीटर पाइप, त्यांचे खोदकाम आणि पुढच्या वीस वर्षांतल्या त्यांच्या गळत्या वाचतात. त्याहून अरुंद गल्लीत वाहिनी एकाच कडेने जाईल, पण काँक्रीट किंवा डांबर पडण्याआधी प्रत्येक घरासाठी, आणि आज रिकाम्या असलेल्या प्रत्येक भूखंडासाठीही, गटाराच्या तळाखालून गडग्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या भिंतीपर्यंत, जोड नेऊन त्याचे टोक बंद करून ठेवायचे. हा जोड एका मोठ्या प्लास्टिक नळीच्या आतून न्यायचा, म्हणजे उद्या तो बदलायचा झाला तर एका बाजूने ओढून दुसरा घालता येतो. गटाराच्या पोटातून एकही जोड जाणार नाही, ही अट पाहणी करताना मोजून तपासायची.

रिकाम्या भूखंडासाठी जोड घेण्याला आक्षेप येतो. ज्याने पाणीपट्टी भरलेली नाही त्याच्यासाठी सार्वजनिक पैसा का खर्च करायचा, असे सभेत विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. त्या जोडाचा खर्च नोंदवून ठेवावा आणि मालक जोड मागायला येईल तेव्हा त्याच्याकडून तो घ्यावा, एवढे उत्तर पुरेसे आहे. रस्ता फोडायची परवानगी देऊन फोडशुल्क घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

रस्त्याचा पृष्ठभाग आणि विहिरी

वर काय घालायचे यावर प्रत्येक गावात वाद होतो आणि बहुधा काँक्रीटची बाजू जिंकते, कारण ते टिकाऊ दिसते. खालच्या वाहिन्या नव्या असतील, जोड पूर्ण असतील आणि भुयारी गटाराचा प्रश्न मिटलेला असेल, तर बाजारपेठेत काँक्रीट योग्यच आहे. हे तिन्ही झाले नसताना काँक्रीट ओतणे हा सर्वांत महाग पर्याय ठरतो. ज्या गल्ल्यांत पुढे भुयारी गटार यायचे आहे तेथे मी पेव्हर ब्लॉक सुचवतो. ते उचलून पुन्हा बसवता येतात. शिवाय जुन्या डांबरावर नवे डांबर चढवत जाण्याची सवय मोडली पाहिजे. दोन-तीन थरांनंतर रस्ता घराच्या ओटीच्या वर जातो आणि पावसाचे पाणी उंबऱ्यातून आत येते. जुना थर खरवडून मूळ पातळीवरच नवा थर घालावा, आणि ती पातळी प्रत्येक दाराच्या पायरीशी ताडून ठरवावी.

आणखी एक मुद्दा सहसा कोणी काढत नाही, तो विहिरींचा. वाळूच्या पट्ट्यात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते, असे किनारी भूजलाचे जुने गणित आहे. ती पातळी थोडी उतरली की खारे पाणी त्याच पटीत वर येते. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी चहूबाजूंनी समुद्र असताना गोड्या राहिल्या, त्यामागे पावसाचे मुरलेले पाणीच आहे. गावातला प्रत्येक रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीटचा केला आणि सगळे पावसाचे पाणी बंदिस्त गटारातून समुद्रात सोडले, तर दांडी-मेढ्याच्या विहिरींचे पोषण आपणच तोडतो. मग विहिरी मचूळ होतात आणि सगळा भार धामापूरवर पडतो. म्हणून वाळूच्या पट्ट्यातल्या गल्ल्यांत कडेचा अर्धा मीटर पट्टा मुरणारा ठेवावा आणि गटाराला ठरावीक अंतरावर उघड्या तळाचे शोषखड्डे द्यावेत. सांडपाणी आणि पावसाचे पाणी वेगळे केल्याशिवाय हे करता येणार नाही, नाहीतर विहिरीत सांडपाणीच मुरेल. त्यामुळे ज्या गल्लीत घरांचे सांडपाणी गटारात येते तेथे शोषखड्डे नकोत, असे आराखड्यात स्पष्ट लिहिले आहे.

गटारांची मुखे समुद्राकडे असल्याने जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की पाणी उलटे चढते. मुखाशी एकदिशा झडप बसवणे हा उपाय सोपा आहे. तिच्यात अडकलेली प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे काढायला माणूस नेमणे हा अवघड भाग आहे.

पैसा, परवानग्या आणि दिवस

रस्ता आधी आणि वाहिनी नंतर, हा क्रम कोणाच्या अज्ञानामुळे येत नाही. रस्त्याचा निधी आणि पाण्याचा निधी वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली, वेगवेगळ्या वर्षी येतो. पाणीयोजनेला सर्वेक्षण, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निविदा या सगळ्यांतून जावे लागते. गल्लीच्या डांबरीकरणाचे अंदाजपत्रक आठवड्यात तयार होते आणि ३१ मार्चपूर्वी पैसे खर्चायचे असतात. म्हणून रस्ता जिंकतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत २.० या योजनेमध्ये सर्व नागरी स्थानिक संस्थांच्या पाणीपुरवठ्याचा समावेश आहे, राज्याचे नगरोत्थान अभियान आहे, वित्त आयोगाचा पाण्यासाठी बंधित निधी आहे. या प्रत्येकातून काय घ्यायचे हे गल्लीनिहाय एकाच तक्त्यात मांडले, आणि ज्या गल्लीचे नळजोड पूर्ण झाल्याचा दाखला पाणीखात्याने दिलेला नाही तिचे रस्त्याचे देयक निघणार नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेने केला, तर क्रम बदलतो. त्याच ठरावात नव्या रस्त्याच्या दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे दोष निघाल्यास कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, खोदाईबंदी असावी. त्यापेक्षा मोठ्या धोरणाची येथे गरज मला दिसत नाही.

शहरातून जाणारे मोठे रस्ते नगरपरिषदेच्या मालकीचे नाहीत. ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत आणि तेथे खोदण्यासाठी परवानगी व पुनर्स्थापनेचे शुल्क लागते. किनाऱ्यालगतची कामे, विशेषतः गटारांची मुखे आणि पंपघर, २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेच्या कक्षेत येतात. हे दोन्ही अर्ज निविदेच्या आधी जायला हवेत, कार्यादेशानंतर गेले तर एक हंगाम वाया जातो.

आणि हंगाम लहान असतो. पाऊस ऑक्टोबरात सरतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येतो. मधल्या सात-साडेसात महिन्यांतून दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, आंगणेवाडीची जत्रा आणि पूर्ण मे महिना वजा करावा लागतो, कारण या दिवसांत बाजारपेठ बंद ठेवणे म्हणजे व्यापाऱ्याची वर्षाची कमाई हिरावणे. बाजारपेठेसाठी म्हणून दोनच खिडक्या उरतात: दिवाळीनंतर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत, जत्रेचे दिवस सोडून. दांडीसारख्या मच्छीमार वस्तीत वेगळा विचार लागतो. तेथे मासळीची वाहने पहाटे निघतात, तेव्हा चर रात्री उघडा ठेवता येत नाही.

मे महिन्यात एक धोका आणखी आहे. १५ आणि १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले, झाडे आणि विजेचे खांब पडले, आणि वीज गेल्यावर पाणी कसे थांबते हे किनाऱ्यावरच्या गावांनी अनुभवले. त्यामुळे मे महिन्यात कोणताही चर उघडा नसावा, उंच टाकीत किमान एका दिवसाचे पिण्याचे पाणी राहील अशी क्षमता असावी आणि पंपघराला जनित्र असावे, या तीन गोष्टी मी ऐच्छिक धरलेल्या नाहीत.

पहिला टप्पा

संपूर्ण शहर एकदम उघडण्याऐवजी पहिल्या हंगामात तीनच गल्ल्या घ्याव्यात: एक वाळूची, एक जांभ्याची आणि एक बाजारातली. दिवाळीपूर्वी दारोदारची नोंद पूर्ण व्हावी. मार्चअखेरपर्यंत वाहिनी, सर्व जोड, चाव्या आणि गटार झाले पाहिजे. वाहिनीचे सांधे मातीने न झाकताच दाबाची चाचणी घ्यावी आणि ती पाहायला गल्लीतल्या दोन रहिवाशांना बोलवावे. चर पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांनी दाबून बुजवावा आणि वर अंतिम काँक्रीट किंवा डांबर न घालता खडीकरण करून एक पावसाळा जाऊ द्यावा. वाळू आणि मुरूम पहिल्या पावसात बसतात, आणि कोठे बसले ते ऑक्टोबरात उघड्या डोळ्यांनी दिसते. त्या जागा भरून घेतल्यावरच रस्ता पूर्ण करावा. एक पावसाळा खडीवरून चालण्याचा त्रास लोकांना आधीच, तारखेसह, गल्लीच्या तोंडाशी फलक लावून सांगितला पाहिजे.

रस्ता पूर्ण झाल्यावर शेवटचे काम चाव्यांचे. प्रत्येक चावीच्या पेटीचे झाकण रस्त्याच्या पातळीला आले आहे का ते पाहायचे, ते हाताने उघडून चावी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सोडायची, आणि तिचा क्रमांक समोरच्या गडग्यावर पिवळ्या रंगात लिहायचा.